उन्हाळी परसबाग आणि स्वीट कॉर्न: कोल्हापूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांत झाली की हे प्रश्न सुरू होतात आणि शिवरात्रीपर्यंत थांबत नाहीत, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवलंय. निम्मे प्रश्न "स्वीट कॉर्नचं कुठलं बी चांगलं" याच धाटणीचे असतात. त्याचं उत्तर खाली आहेच, पण आधीच सांगते, वाणाचा नंबर तिसरा. पहिली तारीख, दुसरं शेजारच्या रानात काय उभं आहे ते, आणि मग वाण. पहिल्या दोन गोष्टी चुकल्या तर महागातलं बी पण काही करू शकत नाही.

कोल्हापुरात उन्हाळी बाग नेमकी कधी लावायची?

यूट्यूबवर परदेशी लोक "शेवटचं दव गोठून गेलं की लावा" असं सांगतात, ते आपल्याला लागू नाही. आपल्याकडं थंडीनं झाड मरत नाही, आपला हिशोब उलटा, पुढून मागं मोजायचा. एप्रिलमध्ये पारा ३७-३८ च्या आसपास जातो आणि एप्रिलच्या शेवटापासून वळीव कधीही येतो, वारा आणि कधीकधी गारांसकट. म्हणजे फुलोरा मार्चमध्ये उरकला पाहिजे आणि कणसं तुरळक वळीव सुरू व्हायच्या आत घरात आली पाहिजेत. स्वीट कॉर्नला पेरणीपासून तोडणीपर्यंत साधारण ७५ ते ८५ दिवस लागतात, रात्री गार असतील तर दोन-चार दिवस जास्तच. मागं मोजत गेलं की जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा हीच वेळ निघते. सोप्पं लक्षात ठेवायचं तर प्रजासत्ताक दिनाला पेरा आणि जोतिबाच्या यात्रेच्या आगंमागं खा, यात्रा कधी लवकर येते कधी उशिरा तेवढं पुढंमागं धरा.

शिरोळ, हातकणंगले बाजूला ऊन लवकर तापतं, त्यांनी जानेवारीतच उरकावं. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडं रात्री गार असतात, तिकडं आठ-दहा दिवस उशीर झाला तरी चालतं.

मार्च उजाडला, आता लावलं तर?

भेंडी, गवार, चवळी, दोडका, लाल माठ खुशाल लावा. मका नको. मार्चमध्ये पेरलेला मका एप्रिल-मेच्या उन्हात तुऱ्यावर (शेंड्याच्या नर फुलोऱ्यावर) येतो, आणि ३५-३६ च्या वर तापमान गेलं की परागकण लवकर मरतात, कणसाचे केस वाळतात, कणीस वरून झकास दिसतं आणि सोलल्यावर चार दाणे इकडं चार तिकडं. त्यापेक्षा थांबा आणि जूनमध्ये पावसावर लावा.

उन्हाळ्यात भाज्या कुठल्या घ्याव्यात, एकदम सगळं लावू का?

एकदम सगळं लावू नका, एप्रिलमध्ये पाणी घालून घालून जीव जातो आणि मग सगळंच अर्धवट राहतं. घरात जे रोज लागतं तेवढंच लावा.

भेंडी आणि गवार ही दोन उन्हाळ्याची खात्रीची पिकं. भेंडीत परभणी क्रांती आणि अर्का अनामिका हे जुने नावाजलेले वाण, राहुरी कृषी विद्यापीठाचं फुले विमुक्ता पण आहे. भेंडीला एक दिवसाआड तोडा पाहिजेच, दोन दिवस गावाला गेला की ती दोरखंड होते आणि झाड पण नवीन फळ धरायचं कमी करतं. गवारीत पुसा नवबहार. बी रात्रभर भिजवा, लवकर उगवतं.

वेलवर्गात काकडी (हिमांगी, फुले शुभांगी), दोडका (फुले सुचेता), कारली (हिरकणी, फुले ग्रीन गोल्ड), दुधी (सम्राट) हे सगळे आपल्याच विद्यापीठाचे वाण आहेत आणि बियाण्याच्या दुकानात विचारलं तर मिळतात, नाही मिळाले तर कुठल्याही बऱ्या कंपनीचं हायब्रिड घ्या, परसबागेत फार फरक पडत नाही. कारलीच्या बीचं टरफल टणक असतं, रात्रभर भिजवल्याशिवाय टाकूच नका. मांडव आधी घाला मग बी टाका, लोक वेल पसरल्यावर बांबू शोधत बसतात.

पालेभाजीत पोकळा, लाल माठ आणि चवळई. मेथी आणि कोथिंबीर मार्चनंतर रुसतात. कोथिंबीर पाहिजेच असेल तर भिंतीच्या सावलीला किंवा मक्याच्या दोन ओळींच्या मधल्या सावलीत, धने रगडून दोन फाकं करून टाका.

टोमॅटोला फुलं येतात आणि गळतात, औषध काय मारू?

औषध काही नाही, ऊन आहे ते. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २४-२५ च्या वर गेलं की टोमॅटोला फळधारणा होत नाही. टोमॅटो उन्हाळ्यात खायचा असेल तर रोपं डिसेंबर-जानेवारीतच जमिनीत पाहिजेत. आता दुपारची सावली करा, नेट बांधा, बाकी वाट बघा.

दुधी-दोडक्याला फुलंच फुलं, फळ एक पण नाही?

पहिली फुलं नर असतात, त्यांना फळ येत नसतं. फुलाच्या मागं बारकी दुधी दिसली तर ती मादी. ती दिसून पण पिवळी पडून गळत असेल तर मधमाशी येत नाहीये, नर फूल तोडून मादीवर हलकंच टेकवा. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळं हे काम संध्याकाळचं. काकडी आणि कारलीचं सकाळचं.

माती कशी पाहिजे? आमची काळी आहे, आमची तांबडी आहे…

मका दोन्हीत येतो. काळ्या रानात पाणी साठू द्यायचं नाही, सऱ्या पाडून वरंब्याच्या बगलेला टोकायचं. तांबड्या मुरमाड जागेत पाणी पटकन निघून जातं, तिथं शेणखत हात सैल सोडून घालायचं आणि पाणी थोडंथोडं पण वरचेवर द्यायचं. शिरोळकडं ज्यांची रानं क्षारपड झालीत (उसाला वर्षानुवर्षं पाटानं पाणी देऊन देऊन पांढरं फुटलंय) त्यांनी तिथं घेवडा तर अजिबात लावू नये, मका पण पिवळाच राहतो. अशा ठिकाणी बाहेरची माती आणि खत भरून उंच वाफे करा.

उसाचं पाचट घातलं तर चालतं का?

चालतं काय, धावतं. फेब्रुवारीत गाळप हंगाम जोरात असतो, फडात पाचट नुसतं पडलेलं असतं, लोक पेटवून देतात. दोन भारे मागून आणा आणि मका वीतभर झाल्यावर ओळींच्या मध्ये तीन-चार बोटं थर द्या. ओल टिकते, तण दबतं, पाणी निम्म्या वेळा द्यावं लागतं. फक्त मातीत मिसळू नका, वरच ठेवा, ओलं पाचट मातीत गाडलं की ते कुजताना नत्र ओढून घेतं आणि पीक पिवळं पडतं. आणि खोडाला चिकटवू नका. कारखान्याची मळी (उसाचा रस गाळून उरलेला गाळ, प्रेसमड) मिळत असेल तर ती पूर्ण कुजलेली घ्या, ताजी मळी गरम होते आणि मुळं भाजते.

स्वीट कॉर्न आणि आपला साधा मका यात फरक काय?

साध्या मक्यात साखर तयार झाली की तिचं स्टार्च होत जातं, म्हणून दाणा पिठाळ होतो. स्वीट कॉर्नमध्ये एका जनुकात बदल असतो त्यामुळं हे काम मध्येच अडतं आणि साखर दाण्यातच राहते. एवढाच फरक. जीएम वगैरे काही नाही, हा नैसर्गिक बदल आहे, अमेरिकेतले मूळ रहिवासी फार पूर्वीपासून गोड मका लावत आलेत.

पाकिटावर सुपर स्वीट, शुगर असं काय काय लिहिलेलं असतं, ते काय?

ही माहिती दुकानदार सांगत नाही आणि सगळ्यात जास्त हीच उपयोगाची आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

ढोबळमानानं तीन प्रकार. पहिला जुना साधा गोड, जनुकाच्या नावावरून त्याला एसयू म्हणतात. चव छान, मऊसर, मलईसारखा, पण तोडला की लगेच साखरेचं स्टार्च व्हायला लागतं, आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवला तर एका दिवसात निम्म्याच्या आसपास गोडी गेलेली असते. सकाळी तोडला तर दुपारच्या जेवणात संपवायचा.

दुसरा एसई, म्हणजे गोडी वाढवलेला. कोवळा, पातळ सालीचा, दोन-तीन दिवस टिकतो. अमेरिकेत घरगुती बागेत हा फार लावतात, आपल्या दुकानात या नावानं सहसा दिसत नाही.

तिसरा एसएच-२, म्हणजेच सुपर स्वीट. इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांनी १९५३ मध्ये हा गुण लोकांसमोर आणला आणि १९६१ मध्ये त्याचं पहिलं हायब्रिड बाजारात आलं. साखर साध्या गोड मक्याच्या दुप्पट-तिप्पट, दाणा कुरकुरीत, आणि फ्रीजमध्ये पाच-सात दिवस गोडी टिकते. गाड्यावर कपात लोणी-मसाला घालून मिळतो तो बहुतेक हाच. तोटे दोन, बी अशक्त असतं आणि शेजारच्या साध्या मक्याचा पराग चालत नाही. दोन्हीबद्दल पुढं आहे.

मग सरळ सांगा, कुठलं वाण घेऊ?

विकायचं असेल किंवा चार दिवस फ्रीजमध्ये ठेवून खायचं असेल तर सुपर स्वीट हायब्रिड. सिंजेंटाचं शुगर ७५ महाराष्ट्रात खूप चालतं, दुकानात पहिलं तेच पुढं करतात आणि त्यात वाईट काही नाही. दिल्लीच्या पुसा संस्थेचं पुसा सुपर स्वीट कॉर्न १ पण आहे. राहुरी विद्यापीठाचं फुले मधू आहे, आणि कोल्हापुरात तर मक्याच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचं केंद्रच आहे, तेव्हा आपल्या हवेत काय चालतं हे विचारायला लांब जायला नको, कृषी महाविद्यालयात चौकशी करा, बी शिल्लक असेल त्याप्रमाणे मिळतं.

ज्याला दरवर्षी बी विकत घ्यायचं नाही त्यानं माधुरी किंवा प्रिया बघावं. हे संमिश्र वाण आहेत, हायब्रिड नाहीत, बी घरी धरता येतं. कणीस हायब्रिडएवढं एकसारखं येत नाही, एक मोठं एक बारकं, पण घरी खायला काय फरक पडतो.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच लावणाऱ्यानं हायब्रिडच घ्यावं. उगवण चांगली, सगळी झाडं एका वेळी तुऱ्यावर येतात त्यामुळं दाणे भरतात. वाणांची तुलना पुढच्या वर्षी करा.

पाकीट घेताना तपासणीची तारीख आणि मुदत वाचा, आणि पावती घ्या. सुपर स्वीटचं जुनं बी म्हणजे पैसे पाण्यात.

इंटरनेटवर गोल्डन बॅन्टम, सिल्व्हर क्वीन दिसतं, मागवू का?

हौस असेल तर मागवा. गोल्डन बॅन्टम १९०२ साली बर्पी कंपनीनं आणलं, त्याआधी अमेरिकेत पिवळा मका जनावरांचा आणि पांढरा माणसांचा असं लोक धरायचे, याच्या चवीनं ते मत बदललं. सिल्व्हर क्वीन पांढऱ्या दाण्याचं, ९० दिवसांच्या वर घेतं, म्हणजे आपल्याकडं ते नेमकं एप्रिलच्या शेवटात, वळवाच्या तोंडात येणार. दोन्ही जुन्या साध्या गोड प्रकारातली. तिकडं उन्हाळ्यात दिवस चौदा-पंधरा तासांचा असतो, आपल्याकडं फेब्रुवारीत बारापेक्षा कमी, त्यामुळं पाकिटावरचे दिवस आणि झाडाची उंची इथं तशीच्या तशी जुळत नाही, कणसं बारकी पण राहू शकतात. एका वाफ्यात गंमत म्हणून ठीक.

शेजाऱ्याच्या रानात म्हशीसाठी मका आहे, काही होतं का?

होतं, आणि कोल्हापूर भागातला हाच सगळ्यात मोठा घोळ आहे. आपल्याकडं दारात दोन म्हशी असल्या की कोपऱ्यात वैरणीचा मका असतोच, बहुतेक आफ्रिकन टॉल, पुरुषभर उंचीच्या वर जाणारा. लोक म्हणतात "ती तर वैरण आहे, कणसं धरतच नाहीत, कापतात". अहो पण वैरण कापतात कधी? तुरे बाहेर पडल्यावरच की. म्हणजे पराग उडायचा तेवढा उडून झालेला असतो.

मक्यात वाऱ्यावर आलेल्या परागाचा परिणाम त्याच कणसात, त्याच दाण्यात दिसतो, पुढच्या पिढीची वाट बघावी लागत नाही. साध्या मक्याचा पराग गोड मक्याच्या केसावर पडला की तो दाणा फुगीर, पिठाळ, बेचव. कणसात निम्मे दाणे गोड निम्मे चिवट असं झालं की समजा पराग शेजारून आला. मग बी बोगस म्हणून दुकानदाराशी भांडण होतं, आणि बिचाऱ्या बीचा काहीच दोष नसतो. सुपर स्वीट आणि जुना साधा गोड एकमेकांशेजारी लावले तरी हेच होतं, दोन गोड मिळून पिठाळ दाणा.

उपाय दोनच. एक तर ७५-८० मीटर तरी अंतर, आणि वाऱ्याच्या दिशेला तुम्ही वर असाल तर आणखी बरं. नाहीतर वेळेचं अंतर, दोन्हीचा तुरा किमान दोन आठवडे मागंपुढं यावा. शेजाऱ्याला जाऊन विचारा "काका, कधी टोकलाय मका?" आणि तुमची पेरणी त्याप्रमाणं सरकवा. नाहीच जमलं तर वैरण तुरा फुटायच्या आधी कापायची विनंती करा, बदल्यात तुमच्या मक्याचं हिरवं ताट द्या, हा व्यवहार बहुतेक जमतो.

बी सुरकुतलेलं, हलकं निघालं, फसवलं का मला?

नाही. सुपर स्वीटचं बी असंच असतं, वाळलेल्या मनुक्यासारखं, कारण आत स्टार्चच कमी. म्हणूनच ते अशक्त. खोल टाकू नका, तीन सेंटिमीटर पुरे, ओल एकसारखी ठेवा आणि पहाटे अंगावर काटा येईल इतकी थंडी असेल तर चार दिवस थांबा. गार आणि चिखल झालेल्या मातीत ते कुजतं. बीला गुलाबी-हिरवा रंग असतो ते बुरशीनाशक आहे, हात धुवा, पोरांच्या आणि कोंबड्यांच्या तोंडाला लागू देऊ नका. भिजत घालायचं पण नाही.

मंडईतून आणलेल्या स्वीट कॉर्नचे दाणे पेरले तर?

कपिलतीर्थातून आणा नाहीतर लक्ष्मीपुरीतून, ते दाणे दुधातले, कोवळे असतात, उगवण्याइतके पिकलेलेच नसतात. चुकून उगवले तरी हायब्रिडची पुढची पिढी, काय येईल सांगता येत नाही.

एकच ओळ कंपाउंडच्या कडेनं लावली तर चालेल का?

नाही चालणार, आणि दिसायला छान दिसते म्हणून सगळे हेच करतात. मक्याचं परागीभवन वाऱ्यानं होतं, तुऱ्यातला पराग खाली केसांवर पडायला लागतो, आणि एक केस म्हणजे एक दाणा. एका ओळीचा पराग वाऱ्याबरोबर रस्त्यावर जातो. चौकोनात लावा, कमीत कमी चार ओळी. दहा झाडांच्या चार ओळी म्हणजे चाळीस झाडं, एका कुटुंबाला भरपूर. झाडाला एक चांगलं कणीस धरा, दुसरं आलं तर बोनस.

दोन ओळींत दोन फूट आणि दोन झाडांत आठ ते दहा इंच. एका जागी दोन बिया टोका, वीतभर झाल्यावर जोमदार ठेवा, दुसरं उपटू नका, मुळं हलतात, कात्रीनं बुडातून कापा. गुंठाभर लावायचं असेल तर या अंतरानं सातशे-आठशे झाडं बसतात. आता तेवढी कणसं एकाच आठवड्यात तयार झाली तर करणार काय याचा विचार पेरायच्या आधी करा, आणि जागा दोन-तीन तुकड्यांत वाटून दहा-बारा दिवसांच्या अंतरानं पेरा.

टेरेसवर येतं का?

येतं. राजारामपुरीत, रुईकर कॉलनीत लोक ग्रो बॅगमध्ये घेतात. बॅग किंवा बादली १८-२० लिटरची, एकात दोन-तीन झाडं, आणि अशा किमान सहा-सात बॅगा एकमेकांना खेटून. वारा इमारतींमुळं कसाही फिरतो त्यामुळं हातानं पराग द्या: सकाळी नऊ-दहाच्या दरम्यान तुऱ्याखाली कागद धरून तुरा हलकेच झटकायचा, पिवळी पावडर पडते ती लगेच केसांवर भुरभुरायची. तीन-चार सकाळी सलग करा. एप्रिलच्या उन्हात बॅग तापते, भिंतीच्या सावलीत सरकवा किंवा पोतं गुंडाळा. पाणी दोन वेळ.

पाणी किती आणि कधी?

गुडघ्याएवढा होईपर्यंत मका थोडं सोसतो. तुरा निघाला, केस बाहेर पडले आणि दाण्यात दूध भरतंय या तीन-साडेतीन आठवड्यांत मात्र एकदाही ताण द्यायचा नाही. नेमकं तेव्हाच गावात मोटर जळते नाहीतर थ्री फेज लाईट रात्रीची येते, म्हणून ड्रिप असेल तर उत्तम, नसेल तर टाकी भरून ठेवा. केस बाहेर पडल्यावर पान दुपारी गुंडाळलेलं दिसलं आणि संध्याकाळपर्यंत उलगडलं नाही तर त्याच संध्याकाळी पाणी, सकाळची वाट बघू नका.

खत?

मका खादाड आहे. गुंठ्याला शंभर-दीडशे किलो कुजलेलं शेणखत आधी मातीत, आणि युरिया एकूण तीन किलोच्या आसपास, पण तीन हप्त्यांत: पेरताना, गुडघाभर झाल्यावर, तुरा दिसायला लागल्यावर. पेरताना सोबत स्फुरद-पालाश पण द्या. बॅगेतल्या झाडाला पाव चमचा युरिया एका वेळी पुरे, जास्त घातला की पानांच्या कडा जळतात. युरिया नकोच असेल तर गांडूळ खत आणि दर पंधरा दिवसांनी जीवामृत, कणीस थोडं बारकं येईल. दुसऱ्या हप्त्याला बुंध्याला माती लावा, त्यानं वाऱ्यात झाड उभं राहतं.

पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) भुस्सा पडलाय, पानांना भोकं. काय करू?

लष्करी अळी, दुसरं काही नाही. ही अमेरिकेतली कीड, भारतात पहिल्यांदा २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पसरली. ओळखायची खूण, डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेवटाकडं चौकोनात चार काळे ठिपके. लाकडाच्या भुश्श्यासारखी ओलसर विष्ठा पोंग्यात दिसली की अळी आत आहेच.

चाळीस झाडं असतील तर औषधाची गरज नाही. उगवून आठवडा झाला की रोज सकाळी एक चक्कर मारा, पानाखाली अंड्यांचा कापसासारखा पुंजका दिसला की चिरडा. अळी दिसली की काडीनं काढा. पोंग्यात बारीक वाळू किंवा वाळू-चुना चिमूटभर टाका, अळीला आत राहवत नाही. बारीक अळ्या असतानाच निंबोळी अर्काची फवारणी, १५०० पीपीएमचा असेल तर लिटरला ५ मिली, संध्याकाळी, थेट पोंग्यात. मोठ्या क्षेत्रात इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के, लिटरला ०.४ ग्रॅम वापरतात, पण ते तुऱ्याच्या आधी, आणि लेबलवरचे काढणीआधीचे दिवस पाळून. कोवळं कणीस पोरं झाडाखाली उभं राहून कच्चं खातात हे विसरू नका.

पोपट, माकडं, रानडुक्कर?

पोपट केस वाळायला लागले की येतात, कणसाला कागदी पिशवी घालून रबर लावा, पण केस तपकिरी झाल्यावरच, आधी घातली तर पराग अडतो. माकडांना उपाय नाही, लक्ष ठेवणारं माणूस पाहिजे. राधानगरी, भुदरगडकडं गवा येतो आणि आजरा-चंदगडला हत्तीसुद्धा, तिथं परसातला मका घराला लागून लावा, रानाच्या कडेला नको.

बुडातून फुटवे आलेत, काढायचे?

राहू द्या. काढून कणीस मोठं होत नाही.

वळवाच्या वाऱ्यात सगळं आडवं झालं!

तुरा यायच्या आधी पडलं असेल तर हात लावू नका, दोन-तीन दिवसांत झाड वाकडं होऊन आपोआप वर उठतं. तुऱ्यानंतर पडलं तर हलकेच उभं करून माती लावा, केस मातीत लोळू देऊ नका. बुडातून मोडलेलं असेल तर ते वैरणीला.

कणीस तयार झालं कसं ओळखायचं?

केस बाहेर पडल्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. तिथून १८ ते २२ दिवस, उन्हात १८ च्या जवळ. केस टोकाला वाळून तपकिरी, बुडाला अजून ओलसर हिरवट असतात. कणसाचं टोक मुठीत धरून बघा, टोचलं नाही, गोल भरल्यासारखं लागलं म्हणजे वरपर्यंत दाणा भरलाय. शंका असेल तर वरचं साल दोन बोटं मागं ओढून दाण्यात नख दाबा: पाण्यासारखं निघालं तर दोन दिवस थांबा, दुधासारखं निघालं तर तोडा, पिठासारखं घट्ट झालं तर उशीर झाला. सुपर स्वीटमध्ये दूध फार पांढरं होत नाही, थोडं निवळच असतं, तिथं दाण्याचा रंग आणि भरलेपणा बघा. उन्हाळ्यात ही वेळ तीन-चार दिवसच असते.

तोडायचं पहाटे. खाली पिरगाळून ओढलं की कडकन निघतं. साल काढू नका, सालीसकट ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये.

टोकाला दाणे भरत नाहीत, का?

टोकाचे केस सगळ्यात शेवटी बाहेर येतात, तोवर पराग संपलेला असतो किंवा ऊन वाढलेलं असतं. टोकाला बोटभर रिकामं राहिलं तर काही बिघडत नाही. मध्येच दाणे विखुरलेले असतील तर एकच ओळ, ऊन, नाहीतर फुलोऱ्यात पाण्याचा ताण, यातलं काहीतरी.

रंकाळ्यावर भाजलेल्या कणसाची चव याला का येत नाही?

कारण तो साधा मका असतो. त्याला जाड साल आणि पिठाळपणा असतो म्हणून निखाऱ्यावर खरपूस होतो, लिंबू-तिखट धरून ठेवतो. स्वीट कॉर्नच्या दाण्यात पाणी जास्त, भाजला की सुरकुततो आणि गोड-तिखट असं विचित्र लागतं. स्वीट कॉर्न पाच-सात मिनिटं उकडा, मीठ नंतर, किंवा कणसाचे तुकडे करून कांदा-लसूण चटणी घालून आमटीत टाका, रस्सा ओढून घेतात आणि गोडीनं तिखट पण सांभाळलं जातं. ज्याला भाजूनच खायचंय त्यानं साधा मका पावसाळ्यात लावावा. उन्हाळ्यात शेजारी-शेजारी दोन्ही लावू नका, कारण वर वाचलंच.

जास्त झाली कणसं तर?

कणसं उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग सुरीनं दाणे कापून पिशवीत चपटे करून फ्रीझरला. पावसाळाभर पुरतात.

तोडणी झाली, ताटांचं आणि जागेचं काय करायचं?

ताटं हिरवी असतानाच कापा, दुभत्या जनावराला याच्यासारखी वैरण नाही, फक्त औषध फवारलं असेल तर लेबलवरचे दिवस झाल्याशिवाय घालू नका. जनावर नसेल तर बारीक तुकडे करून खड्ड्यात. मक्यानं जमिनीतलं नत्र बरंच ओढलेलं असतं, म्हणून तिथं लगेच पुन्हा मका किंवा वांगी नको. मे महिना जागा उन्हात तापू द्या, वळवाची ओल धरून एकदा कुदळून घ्या आणि पहिल्या पावसावर भुईमूग, घेवडा नाहीतर चवळी टाका.